दहा वर्षांच्या लॅपटॉपवरून नव्यावर जाताना जुन्या मराठी फाइलींचे काय करावे?

खिळे_ते_फॉन्ट (मिरज)

नमस्कार. मी मिरजेत घरूनच मराठी अक्षरजुळणीचे काम करते. पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या स्मरणिका, लग्नपत्रिका आणि वर्षाला एखादा दिवाळी अंक एवढा माझा व्याप आहे. हे सारे काम जून २०१५ मध्ये घेतलेल्या एकाच लॅपटॉपवर चालते. त्यात इंटेलचा आय-५ ५२००यू प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क आणि १३६६ × ७६८ चा १५.६ इंची पडदा आहे. घेतला तेव्हा त्यावर विंडोज ८.१ होते, पुढे विंडोज १० विनामूल्य मिळत होते त्या वर्षात ते चढवून घेतले आणि आजही तेच आहे.

यंत्राने दहा वर्षे फारशी कुरकुर न करता साथ दिली, हे आधी नमूद करते. आता मात्र ते थकले आहे. डावी बिजागरी निखळल्यामुळे पडदा उभा राहावा म्हणून मागे जुन्या पंचांगांचा गठ्ठा ठेवावा लागतो, बॅटरी चार-पाच वर्षांपासून नावापुरतीच उरली आहे, आणि बटण दाबल्यापासून पेजमेकर या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिले अक्षर उमटेपर्यंतचा वेळ मी परवा घड्याळ लावून मोजला तेव्हा तो सहा मिनिटे चाळीस सेकंद भरला. गेल्या सप्टेंबरात, संस्थांच्या वार्षिक सभांची ३० तारखेची मुदत डोक्यावर असताना, ६४ पानी अहवालातील ताळेबंदाचे कोष्टक सरकवता सरकवता यंत्र गोठले आणि अर्ध्या दिवसाची जुळणी गेली. त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० ला सुरक्षेची नेहमीची अपडेट मिळणे थांबले, त्यामुळे याच यंत्रावर बँकेचे व्यवहार करायला आता मन धजत नाही.

साठ हजारांपर्यंत खर्च करण्याची माझी तयारी आहे. दोन दुकानांत जाऊन आले. दोन्हीकडे पहिला प्रश्न 'गेमिंग करणार का?' असा होता, आणि नाही म्हटल्यावर दाखवलेल्या यंत्रांमधला फरक रंगापलीकडे मला कोणी समजावून सांगितला नाही. याच जुन्या यंत्रात एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) आणि रॅम घालून आणखी दोन वर्षे काढावीत की सरळ नवे घ्यावे, आणि नवे घ्यायचे तर त्यात नेमके काय पाहावे, हा माझा पहिला प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न मला अधिक छळतो आहे. २००९ पासूनच्या सुमारे १,९०० फाइली माझ्याकडे आहेत. बहुतेक पेजमेकर ७ मध्ये केलेल्या असून त्यांतील मजकूर युनिकोडपूर्व, म्हणजे सगळ्या यंत्रांवर चालणारी अक्षरसंकेतांची एकसमान पद्धत येण्याआधीच्या, मराठी फॉन्टमध्ये आहे. ते फॉन्ट आणि त्यांचा कळफलक चालवणारे सॉफ्टवेअर यूएसबीत खोचायच्या डोंगलशिवाय, म्हणजे परवान्याच्या किल्लीशिवाय, सुरू होत नाही. संस्था दर वर्षी 'मागच्याच अहवालात आकडे बदला' एवढे सांगून मोकळ्या होतात, म्हणजे जुनी फाइल उघडणे हेच माझे निम्मे काम आहे. नव्या लॅपटॉपवर हे सारे चालेल का? ज्यांनी हा बदल प्रत्यक्ष केला आहे त्यांचा अनुभव वाचायला आवडेल.

पाना_पेचकस (ठाणे)

ताई, जुने ठेवावे की नवे घ्यावे हे आठवडाभराने ठरवले तरी चालेल. एक काम मात्र आज संध्याकाळीच करावे. दहा वर्षे रोज फिरलेल्या हार्ड डिस्कवर विसंबून राहू नये, म्हणून सगळ्या फाइली बाहेरच्या दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवून घ्या आणि त्यांतली एक घराबाहेर, नातेवाइकांकडे किंवा लॉकरमध्ये, ठेवा. त्यानंतर क्रिस्टलडिस्कइन्फो हे विनामूल्य साधन चालवून पाहा. 'रीअलोकेटेड सेक्टर्स' किंवा 'करंट पेंडिंग सेक्टर' या ओळींपुढे शून्याहून वेगळा आकडा असला आणि वर पिवळा शेरा दिसला, तर यंत्र गोठण्याचे कारण बहुधा तेच असेल. क्रम महत्त्वाचा आहे: आधी नक्कल, मग तपासणी. मरणपंथाला लागलेल्या डिस्कची आधी तासभर चाचणी घेत बसून ती कायमची बंद पाडलेले लोक मी दुकानात पाहिले आहेत.

आता मूळ प्रश्न. तुमचा प्रोसेसर इंटेलच्या पाचव्या पिढीचा आहे, तर विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढेच चालते आणि त्याला टीपीएम २.० ही सुरक्षा-चीपही लागते. आडवाटेने ते चढवता येते, परंतु असे यंत्र पुढच्या एखाद्या मोठ्या अपडेटच्या वेळी अडून बसले तर दाद मागायला जागा नसते, त्यामुळे ज्यावर पोट आहे त्या यंत्रावर हा प्रयोग मी सुचवणार नाही. विंडोज १० वरच राहायचे तर घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची वाढीव अपडेट मिळवता येतात. त्यासाठी २२एच२ ही आवृत्ती हवी आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश करून सेटिंगमधील अपडेटच्या पानावर नाव नोंदवावे लागते. सेटिंगचा बॅकअप त्या खात्यात ठेवण्यास संमती दिल्यास पैसे पडत नाहीत. म्हणजे तुमच्या हातात सुमारे वर्षभराची मुदत आहे, घाई नाही.

तरीही माझे मत असे आहे की जुन्या यंत्रात एसएसडी घालाच, आणि नवेही घ्या. हे उधळपट्टीचे वाटेल, म्हणून कारण सांगतो. तुमच्या सहा मिनिटे चाळीस सेकंदांतला बहुतांश वेळ प्रोसेसरचा नसून डिस्कचा आहे. लॅपटॉपमधली फिरती डिस्क सलग वाचन सेकंदाला १०० एमबीच्या आसपास करते, पण विंडोज सुरू होताना हजारो बारीकसारीक फाइली ठिकठिकाणाहून उचलाव्या लागतात आणि तिथे तिचा वेग एका एमबीच्याही खाली घसरतो, कारण प्रत्येक वेळी वाचणारी सुई तबकडीवर हलवावी लागते. साध्या साटा जोडणीची एसएसडी सलग वाचन ५०० एमबीने करते आणि मुख्य म्हणजे तिच्यात हलणारा भागच नाही. २५६ जीबीची अशी एसएसडी आणि १.३५ व्होल्टची डीडीआर३एल जातीची ४ किंवा ८ जीबीची रॅमची पट्टी घातली की हेच यंत्र मिनिटाच्या आत सुरू होईल. नव्या लॅपटॉपमधील एनव्हीएमई एसएसडी सेकंदाला ३,००० एमबीच्या पुढे जाते खरी, पण माझ्या अनुभवात फिरत्या डिस्कवरून साट्यावर आल्याचा फरक आजीलाही कळतो आणि साट्यावरून एनव्हीएमईवर गेल्याचा फरक फक्त जाहिरातीत कळतो. जुन्या यंत्रावर हा खर्च का करायचा, हे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाशी निगडित आहे आणि त्यावर इथले जुळारी माझ्यापेक्षा चांगले लिहितील.

नव्यात १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी याखाली जाऊ नका. रॅम बोर्डावरच डाख देऊन बसवलेली आहे की पट्टी घालायला जागा आहे, हे विकत घेण्यापूर्वी विचारा, कारण बोर्डावर ८ जीबी बसवलेले यंत्र जन्मभर ८ जीबीचेच राहते. प्रोसेसरच्या नावात फार फसगत होते. एएमडीचे रायझन ५ ७५२०यू आणि ७५३०यू हे दोन्ही शेजारी ठेवले तर दहाच आकड्यांचा फरक दिसतो. प्रत्यक्षात पहिल्यात जुन्या झेन २ रचनेचे चार गाभे (कोअर) आहेत आणि दुसऱ्यात झेन ३ चे सहा. या मालिकेत तिसरा अंक रचनेची पिढी सांगतो, पहिला अंक केवळ विक्रीचे वर्ष. इंटेलमध्ये तेराव्या पिढीचा आय-५ १३३४यू मिळाला तरी तुमच्या कामाला तो पुरून उरेल. तुमच्या आत्ताच्या प्रोसेसरचे दोन गाभे आहेत, त्याचे दहा. कोअर अल्ट्रा वगैरेसाठी जास्तीचे दहा हजार घालण्यापेक्षा ते पडद्यावर घाला. तपशिलात रंगक्षमता '४५ टक्के एनटीएससी' अशी लिहिलेला पडदा लग्नपत्रिकेतला कुंकवाचा लाल विटकरी दाखवतो, म्हणून '१०० टक्के एसआरजीबी' लिहिलेला शोधा. न परवडल्यास घरी २४ इंची वेगळा मॉनिटर जोडा.

शेवटची सूचना बहुतेक जण विसरतात. नव्या विंडोज ११ यंत्रात मायक्रोसॉफ्ट खात्याने पहिल्यांदा प्रवेश केला की बऱ्याचदा न विचारताच डिस्क कुलूपबंद होते. त्या कुलपाची ४८ अंकी रिकव्हरी की त्या खात्यात साठवलेली असते. ती पहिल्याच दिवशी कागदावर छापून लॅपटॉपच्या बिलासोबत ठेवा. पुढे कधी मदरबोर्ड बदलावा लागला आणि खात्याचा पासवर्डही आठवला नाही, तर त्या आकड्यांवाचून तुमच्या १,९०० फाइली कोणालाही उघडता येणार नाहीत.

जुळारी (नाशिक)

पाना_पेचकस यांनी चेंडू माझ्याकडे टाकला आहे, तर आधी माझी चूक कबूल करतो. २०१९ मध्ये मी नवा लॅपटॉप घेतला तेव्हा दुकानदाराने जुन्याचे तीन हजार देऊ केले आणि फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या आहेत या समाधानात मी ते यंत्र देऊन टाकले. पाच महिन्यांनी एका वाचनालयाने २०११ ची स्मरणिका सुधारून पुन्हा छापायला मागितली. फाइल होती, डोंगलही होता, पण फॉन्टच्या सॉफ्टवेअरची सीडी कुठेतरी हरवलेली आणि नव्या यंत्राला सीडीचा कप्पाही नाही. पडद्यावर ११२ पाने रोमन अक्षरांची आणि डोक्यावर टिंबे-टोप्या घातलेल्या चिन्हांची खिचडी दिसत होती. अखेर छापील प्रत समोर ठेवून ती ११२ पाने मी पुन्हा जुळवली. तीन हजारांत विकलेले ते यंत्र मला किती हजारांना पडले याचा हिशेब मी अजून केलेला नाही.

म्हणून ताई, जुना लॅपटॉप विकू नका, बदलीतही देऊ नका. त्यात एसएसडी घाला, फुगत असेल तर बॅटरी काढून चार्जरवर चालवा, वाय-फाय कायमचे बंद करा आणि पेजमेकर, फॉन्ट व डोंगल यांच्यासकट त्याला जुन्या फाइली उघडण्याचे एकच काम द्या. इंटरनेटला जोडलेलेच नाही म्हटल्यावर अपडेट मिळाली नाहीत तरी त्याचे फार बिघडत नाही. पेनड्राइव्हने मात्र ये-जा होईल, तेव्हा तो दर वेळी नव्या यंत्रावर तपासून घ्या.

नवा लॅपटॉप घेताना तुम्ही आणि मी दोघांनीही पाळायचे एक पथ्य आहे, जे सर्वसाधारण सल्ल्यात सापडत नाही. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरची यंत्रे बॅटरीला उत्तम आहेत, पण ती एआरएम रचनेची आहेत. त्यांवर जुनी सॉफ्टवेअरे अनुवादाच्या थरातून चालून जातात, डोंगलचा ड्रायव्हर, म्हणजे त्याची विंडोजशी गाठ घालणारा प्रोग्रॅम, मात्र चालत नाही, कारण ड्रायव्हर त्या रचनेसाठीच मुद्दाम बनवलेला असावा लागतो आणि आपल्या जुन्या डोंगलसाठी असा कोणी बनवत बसलेला नाही. तेव्हा इंटेल किंवा एएमडीच घ्या. त्यांतही विंडोज ११ फक्त ६४ बिटांचे असल्याने डोंगलचा ६४ बिटांचा ड्रायव्हर लागतो. नव्या यंत्रात 'मेमरी इंटिग्रिटी' नावाचे संरक्षण बहुधा चालू असते आणि ते जुने ड्रायव्हर आत येऊ देत नाही. ते बंद करून काम भागवता येते, पण मी तसे करणार नाही; फॉन्ट बनवणाऱ्यांकडे नवा ड्रायव्हर किंवा नवी आवृत्ती मागावी, जुन्या ग्राहकांना ती बहुधा सवलतीत मिळते.

आणखी एक बारीक गोष्ट. आपल्या जुन्या फॉन्टमधली काही जोडाक्षरे ऑल्ट धरून उजवीकडच्या अंकफळीवर चार आकडे दाबल्याशिवाय येत नाहीत. हल्लीच्या १४ इंची सुबक लॅपटॉपना ती अंकफळी नसते आणि वरच्या ओळीतल्या अंकांनी हे काम होत नाही. मी हे विकत घेतल्यावर शिकलो. एक तर १५.६ इंची यंत्र घ्या किंवा यूएसबीची वेगळी अंकफळी. ताळेबंदाचे आकडे भरतानाही तिचाच उपयोग होईल.

फाइलींकडे येतो. १,९०० च्या १,९०० फाइली युनिकोडमध्ये नेण्याचा हट्ट धरू नका, त्यात आयुष्य जाईल. लग्नपत्रिका पुन्हा कोणी मागत नाही. प्रत्येक जुन्या फाइलीची फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफ मात्र काढून ठेवा. तिच्यातला मजकूर उचलला तर तीच खिचडी निघेल, पण जशीच्या तशी छापता येईल आणि पाहता येईल. दर वर्षी परत येणारे अहवाल तेवढे वेगळे काढा, त्यांचा मजकूर पेजमेकरमधून बाहेर काढा, परिवर्तकातून (जुन्या फॉन्टचे संकेत बदलून देणाऱ्या साधनातून) युनिकोडमध्ये आणा आणि नव्याने पान लावा. पेजमेकरच्या जागी आलेल्या इनडिझाइनमध्ये त्याच्या फाइली सरळ उघडायच्या तर सीएस६ ही शेवटची आवृत्ती. त्यानंतरच्या आवृत्त्यांतून ती सोय काढली गेली आहे.

परिवर्तन कुठे अडते हे एका शब्दावर दाखवतो. 'निर्मिती' हा शब्द जुन्या फॉन्टमध्ये डोळ्यांना दिसतो त्या क्रमाने साठवलेला असतो: आधी पहिली वेलांटी, मग न, पुन्हा पहिली वेलांटी, मग म, त्याच्या डोक्यावरचा रफार, मग त आणि दुसरी वेलांटी. युनिकोडमध्ये तोच शब्द उच्चाराच्या क्रमाने, न, वेलांटी, र, हलन्त, म, वेलांटी, त, वेलांटी, असा आठ संकेतांत साठतो. म्हणजे परिवर्तकाला प्रत्येक पहिली वेलांटी अक्षराच्या नंतर आणि प्रत्येक रफार अक्षराच्या आधी न्यावा लागतो. साध्या शब्दांत तो हे बिनचूक करतो; 'शक्तिस्थळ', 'आर्थिक', 'तिऱ्हाईत' अशांपाशी ठेचकाळतो. परिवर्तित मजकूर न वाचता छापायला देऊ नये. आणि कोष्टकातील आकडे तर दोनदा वाचावेत, कारण काही जुन्या फॉन्टमध्ये मराठी अंकांची आणि चिन्हांची जागा बदललेली असते. 'निव्वळ नफा' या ओळीतला एक आकडा हलला तर सभासद सभेत उभे राहतात, हे तुम्हाला सांगायला नको.

नव्या यंत्रावर मराठीची तयारी अशी करा: सेटिंगमध्ये मराठी भाषा जोडा. त्याने इनस्क्रिप्ट आणि मराठी फोनेटिक दोन्ही कळफलक मिळतील. मंगल फॉन्ट विंडोज १० पासून मुळात बसवलेला नसतो. जुन्या वर्ड फाइलींना तो लागतो आणि तोही याच वाटेने येतो, वेगळा उतरवून घ्यायची गरज नाही. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या पटलातून वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा, नाहीतर वेलांट्या सुट्या पडलेल्या दिसतील आणि तुम्ही उगीच फॉन्टला दोष द्याल. मजकुराची भाषा मराठी ठेवा, म्हणजे फॉन्टमध्ये सोय असल्यास ल आणि श हिंदी वळणाचे न येता मराठी वळणाचे येतील.

पेंग्विनकाका (पुणे)

वरचे दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, पण साठ हजार खर्च होण्यापूर्वी एक वेगळी वाट नोंदवतो. पाचव्या पिढीच्या आय-५ वर एसएसडी घालून लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी वापरायची विनामूल्य प्रणाली सुखाने चालते आणि बँकेचे व्यवहार, पत्रव्यवहार यांसाठी ते पूर्ण अपडेट मिळणारे यंत्र होते. लिब्रेऑफिस या ऑफिस-संचातले ड्रॉ ४.४ आवृत्तीपासून पेजमेकरच्या फाइली उघडते, स्क्रायबस हे पानमांडणीचे साधनही उघडते. आणि २०२४ च्या जानेवारीत आलेल्या स्क्रायबस १.६ मध्ये देवनागरीची जोडाक्षरे नीट जुळतात. यातले काहीच विकत घ्यावे लागत नाही. दहा वर्षे चाललेले यंत्र केवळ एका कंपनीने तारीख ठरवली म्हणून निवृत्त करणे मला पटत नाही.

जुळारी (नाशिक)

काका, तत्त्व मान्य आहे आणि फाइल उघडण्याबाबतची माहिती माझ्याही कामाची आहे. मी काल एक २०१२ ची फाइल ड्रॉमध्ये उघडून पाहिली. चौकटी आणि ओळी जागच्या जागी आल्या, मजकूर मात्र फॉन्टअभावी खिचडीच राहिला, आणि फॉन्ट दिल्यावरही दोन स्तंभांची पाने विस्कटली. डोंगलचे सॉफ्टवेअर लिनक्सवर चालणार नाही, म्हणजे ताईंना जुने यंत्र विंडोजवरच ठेवावे लागेल. शिवाय सप्टेंबरात मुदत डोक्यावर असताना नवी प्रणाली, नवे पानमांडणीचे साधन आणि नवा कळफलक एकदम शिकणे हे तुम्हा-आम्हाला हौस म्हणून जमेल, ज्यांचे त्यावर घर चालते त्यांना नव्हे.

खिळे_ते_फॉन्ट (मिरज)

सर्वांचे मनापासून आभार. पाना_पेचकस यांचे ऐकून त्याच संध्याकाळी नक्कल करायला घेतली आणि तपासणीत पिवळा शेरा निघाला. पेंडिंग सेक्टर आठ होते. २०१३ च्या एका फोल्डरमधल्या तीन फाइली वाचताच आल्या नाहीत. सुदैवाने तिन्ही बारशाच्या पत्रिका होत्या, आणि ती बाळे आता मोठ्या इयत्तेत असतील.

जुन्यात २५६ जीबी एसएसडी आणि ४ जीबीची आणखी एक पट्टी बसवून घेतली. ओळखीच्या कारागिराने बिजागरीही दुरुस्त केली, त्यामुळे पंचांगे कपाटात परत गेली. सुरू व्हायला आता ४८ सेकंद लागतात, आणि क्षणभर नव्याचा विचार सोडून द्यावा असे वाटले, हे कबूल करते. पण ताळेबंदाच्या पानावर १३६६ च्या पडद्यात सात रकाने एका वेळी दिसत नाहीत ते नाहीतच, म्हणून १५.६ इंची, अंकफळी असलेला, रायझन ५ ७५३०यू आणि १६ जीबीचा लॅपटॉप ५३,५०० रुपयांना घेतला. दुकानात मी 'तिसरा अंक कोणता?' असे विचारल्यावर विक्रेत्याने आतून मालकांना बोलावून आणले. बिलावर जीएसटी क्रमांक घातला, म्हणजे १८ टक्क्यांचा परतावा हिशेबात घेता येईल. रिकव्हरी की छापून बिलाला टाचली आहे.

डोंगल नव्या यंत्रावर नेण्याच्या फंदात पडले नाही. जुना लॅपटॉप कोपऱ्यातल्या टेबलावर, वाय-फाय बंद करून, फक्त जुन्या फाइलींसाठी ठेवला आहे. दर वर्षी येणारे अहवाल मोजले तर ते अवघे ३४ निघाले. १,९०० चे दडपण तिथेच उतरले. त्यांतले सहा युनिकोडमध्ये आणून झाले. 'निर्मिती' बरोबर आली. दोन शब्दांनी मात्र डोके उठवले आहे. 'वाङ्मय' हा शब्द सगळीकडे 'वाड्.मय' असा येतो, आणि 'अॅड.' हा शब्द डोळ्यांना बरोबर दिसत असूनही शोध घेतला की निम्म्या ठिकाणी सापडत नाही. काही युक्ती आहे का?

जुळारी (नाशिक)

दोन्हींची कारणे वेगळी आहेत. जुन्या फॉन्टमध्ये ङ वेगळा नसल्यास आपण ड काढून त्याच्या बाजूला टिंब देत होतो. परिवर्तकाने ते टिंब पूर्णविराम समजून तसेच आणले. 'वाड्.मय' हा संपूर्ण शब्द शोधून त्याच्या जागी 'वाङ्मय' घाला. 'अॅड.'चे म्हणाल तर तो दोन प्रकारे लिहिलेला असणार: एकीकडे अ आणि त्यावर वेगळा चंद्र असे दोन संकेत, दुसरीकडे ॲ हा एकच संकेत. दिसायला सारखे, यंत्राच्या लेखी निराळे. सगळे एका संकेताच्या 'ॲ'मध्ये आणून घ्या.

फक्त कंटाळून 'ड.' शोधून सरसकट 'ङ' करण्याचा शॉर्टकट घेऊ नका. मी एकदा घेतला होता, आणि संचालक मंडळाच्या यादीतले तिन्ही वकील 'ॲङ' होऊन छापखान्यापर्यंत पोहोचले होते.